गिरगाव चौपाटी : एका किनाऱ्याचा सार्वजनिक इतिहास

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तेथील शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने समुद्र म्हणजे प्रथम नकाशातील निळा रंग. मराठवाड्यातील अशा गावांतून शाळांच्या सहली मुंबईस येतात, तेव्हा पुष्कळ मुलांना समुद्राचे पहिले दर्शन गिरगावच्या चौपाटीवर घडते. मुले पाण्याकडे धावत सुटतात आणि त्यांना कोणी अडवीत नाही. तेथे तिकीट नाही, पैसे घेणारा कोणी नाही. देशातील अत्यंत महाग जमिनींना लागून असलेली ही वाळू कोणालाही मोकळी आहे, याचे एखाद्या चौकस मुलाला नवल वाटले, तर तो शिक्षकांना विचारील की गुरुजी, ही जागा कोणाची?

प्रश्न एका ओळीचा असला, तरी त्याच्या उत्तरासाठी पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. चौपाटी मोकळी राहिली ती आपोआप राहिलेली नाही. ती भरून काढण्याचे, तिच्यावर इमारती उठविण्याचे आणि तिचा विशिष्ट कारणासाठी वापर करण्याचे प्रयत्न वेळोवेळी झाले. लोकांनी तेथे पुन्हा पुन्हा जमून तिच्यावरील आपला हक्क वहिवाटीने शाबूत ठेवला. लेखी कायदे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आले. शासकीय कामकाजात सार्वजनिक जागांशी ज्यांचा संबंध येतो, त्या सर्वांनी हा इतिहास माहीत करून घ्यावा असा आहे.

किनाऱ्याची घडण

मलबार टेकडीचे टोक आणि कुलाब्याचे टोक यांच्यामध्ये समुद्राने जमिनीत घेतलेला अर्धवर्तुळाकार वळसा म्हणजे बॅकबे. या वळशाच्या उत्तर टोकाशी, मलबार टेकडीच्या आडोशाला, वाळू साचून राहते. तीच गिरगाव चौपाटी. मुंबईच्या समुद्रास दिवसातून दोन वेळा भरती येते. दोन भरतींमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते आणि दर दिवशी भरतीची वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास उधाण येते, तेव्हा लाटा साडेचार मीटर किंवा त्याहूनही अधिक उंचीच्या भरतीवर स्वार होऊन येतात. भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंतचा पट्टा दिवसातील काही तास जमीन असतो आणि काही तास समुद्र. अशा जागेचा सात-बारा कसा लिहावा, हा प्रश्न तलाठ्याला पडेल तसाच तो जगातील सर्व कायदेपंडितांना पडलेला आहे. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनने कायद्याचा जो ग्रंथ सिद्ध करविला, त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याबरोबर समुद्रकिनारा या वस्तू निसर्गतः सर्वांच्या आहेत, असे मानलेले आहे.

‘चौपाटी’ हे नाव कसे पडले? मुंबई शहराच्या १९०९ च्या गॅझेटिअरने ‘चार पाट’, म्हणजे भरतीचे पाणी आत शिरण्याच्या चार वाटा, अशी त्याची उपपत्ती दिली आहे आणि पालघरकडील सातपाटी या कोळी गावाच्या नावाशी त्याचे साम्य दाखविले आहे. पुढे मात्र हे विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले. दादर, जुहू येथील वाळूचे किनारेही मुंबईकरांच्या बोलण्यात चौपाट्याच झाले. एका ठिकाणाच्या नावाने साऱ्या जातीला ओळखले जावे, याहून त्या ठिकाणाच्या लोकप्रियतेचा निराळा पुरावा नको.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात हा सारा भाग नारळी-पोफळीच्या वाड्यांचा आणि कोळी वस्त्यांचा होता. किनाऱ्यालगतचे चर्नी रोड हे स्थानक आज सर्वांना माहीत आहे. त्याच्या नावाविषयी एक हकीकत सांगितली जाते. १८३८ मध्ये इंग्रज सरकारने कॅम्पाच्या मैदानावर गुरे चारण्यासाठी कर बसविला. गोरगरीब पशुपालकांना तो परवडेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी स्वतःचे वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळ समुद्राकाठची गवताळ जमीन विकत घेतली आणि ती गुरांना विनामूल्य चरण्यासाठी मोकळी ठेवली. त्या ‘चरणी’वरून चर्नी रोड. गॅझेटिअरने मात्र हे नाव ठाण्याजवळच्या चेंदणीशी जोडले आहे, आणि दोहोंतील खरे कोणते हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. मुंबईच्या लोकस्मृतीत चौपाटीच्या शेजारी एक गायरान होते, एवढे ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी ध्यानात ठेवावे.

समुद्र हटविण्याचा हव्यास

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास हा किनारा झपाट्याने बदलू लागला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने तेथील कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला अतोनात भाव आला. वऱ्हाड-खानदेशाच्या काळ्या जमिनीतला कापूस मुंबईच्या बंदरातून जाई आणि त्याच्या मोबदल्यात आलेला पैसा कोठे गुंतवावा हे लोकांना कळेना. समुद्रात भर घालून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे भरून काढण्यासाठी निघालेली कंपनी त्यांत अग्रेसर होती. जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिच्या भागांचे भाव आकाशाला भिडले. युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्याबरोबर कंपन्याही बुडाल्या. त्या धामधुमीत जी थोडी भर पडली, तिचा उपयोग किनाऱ्याने रेल्वेमार्ग नेण्यास झाला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली आणि १८७० मध्ये तो मार्ग चर्चगेटला पोहोचला. वस्ती आणि समुद्र यांच्यामध्ये लोखंडी रूळ आले. त्यापुढील दक्षिणेकडचा किनारा लोकांपासून काहीसा दुरावला. गिरगावची वाळू तेवढी हाताशी उरली.

पुढील काळात रुळांच्या समुद्राकडील पट्टीवर निरनिराळ्या समाजांच्या जिमखान्यांना जागा मिळाल्या. चौपाटीसमोर १८८९ मध्ये विल्सन महाविद्यालयाची गॉथिक धर्तीची दगडी इमारत उभी राहिली. डिसेंबर १९१५ मध्ये केनेडी सी फेस या किनारी रस्त्याची कोनशिला बसली.

परंतु समुद्र हटविण्याचा मोठा प्रयत्न त्यानंतर झाला. १९१८ ते १९२३ या काळात गव्हर्नर असलेले सर जॉर्ज लॉइड यांनी बॅकबेची सुमारे १,१४५ एकर जमीन आठ विभागांत भरून काढण्याची योजना हाती घेतली. समुद्रात भिंत बांधावयाची, बंदराच्या तळातील गाळ यंत्राने उपसून नळांवाटे भिंतीच्या आत सोडावयाचा आणि गाळ बसून जमीन वर आली की ती विकावयाची, असा हिशेब होता. गाळ अपेक्षेप्रमाणे निघेना. जो निघे तो भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाई. खर्च मात्र वाढत चालला. बॅरिस्टर खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी या कारभारावर टीकेची झोड उठविली. त्यांनी आकडे मागितले, यंत्रांच्या क्षमतेविषयी प्रश्न केले आणि अधिकाऱ्यांवर जाहीरपणे ठपका ठेवला. योजनेतील हार्वे या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन त्यातून निर्दोष सुटले. सरकारने चौकशी समिती नेमली आणि अखेर आठांपैकी चारच विभाग पूर्ण करून योजना आवरती घेण्यात आली. मरीन ड्राइव्हचा डौलदार रस्ता आणि त्यालगतच्या, पुढे जागतिक कीर्तीस पावलेल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती या पूर्ण झालेल्या भागावर उभ्या आहेत. १९४० च्या सुमारास हा रस्ता पुरा झाला. २०१८ मध्ये युनेस्कोने या वास्तुसमूहाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

राहिलेल्या विभागांपैकी काही भाग स्वातंत्र्यानंतर भरण्यात आला. त्यावर उंच कार्यालयांची जी वसाहत झाली, तिला नाव देण्यात आले नरिमन पॉइंट! ज्या गृहस्थाने समुद्रात भर घालण्याच्या कारभाराला न्यायालयापर्यंत आव्हान दिले, त्याचेच नाव भर घातलेल्या जमिनीला मिळावे, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

येथे शिक्षकांसाठी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी वाळू का नाही, असे मुले विचारतात. उभ्या भिंतीवर आदळलेली लाट जोराने परत फिरते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. तेथे वाळूस बसावयास जागाच राहत नाही. म्हणून भिंतीसमोर सिमेंटचे चार पायांचे अवजड ठोकळे टाकावे लागले. त्यांच्या फटींत शिरून लाटेचा जोर मोडतो. उतरत्या वाळूवर मात्र लाट स्वतःच दमून जाते. नैसर्गिक किनारा हे शहराचे विनाखर्चाचे संरक्षण आहे, हे चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह यांच्यामधील काही पावलांच्या अंतरात पाहावयास मिळते.

वाळूवर जमलेला जनसमुदाय

रस्ते आणि इमारती यांचा वृत्तांत एवढा पुरे. चौपाटीचा खरा इतिहास तेथे जमलेल्या माणसांचा आहे.

१८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवास चालना मिळाली आणि त्याच वर्षी गिरगावातील केशवजी नाईक चाळीत उत्सव सुरू झाला. मूर्तींच्या विसर्जनासाठी लोक गिरगावच्या समुद्रावर येत. घराघरांतील व्रताला मिरवणुकीचे रूप आले आणि चाळीच्या चौकातील माणूस चौपाटीवर समुदायाचा घटक झाला. सरकारी परवान्याने भरणाऱ्या सभेपूर्वीच लोकांना मोठ्या संख्येने एकत्र चालण्याची, एकत्र थांबण्याची आणि शांतपणे पांगण्याची सवय या वाळूने लावली, असे म्हणता येईल.

रौलट कायद्याविरुद्ध महात्मा गांधींनी ६ एप्रिल १९१९ हा दिवस उपवासाचा आणि प्रार्थनेचा म्हणून पाळण्याचे आवाहन केले. त्या दिवशी भल्या सकाळी हजारो मुंबईकर चौपाटीवर जमले. त्यांनी समुद्रस्नान केले आणि तेथून मिरवणूक ठाकुरद्वारकडे निघाली. तीत स्त्रिया व मुले होती आणि मुसलमान बांधव मोठ्या संख्येने सामील झाले होते. त्यांच्या आग्रहावरून गांधीजी आणि सरोजिनी नायडू यांनी जवळच्या मशिदीत भाषणे केली. सायंकाळी बंदी घातलेल्या पुस्तकांची उघड विक्री झाली. सत्याग्रह या शब्दाचा मुंबईला जो पहिला मोठा अनुभव आला, त्याचा आरंभ असा समुद्राच्या पाण्यात झाला.

पुढील वर्षी, १ ऑगस्ट १९२० च्या पहिल्या प्रहरी लोकमान्य टिळकांचे सरदारगृहात देहावसान झाले. असहकाराच्या चळवळीच्या प्रारंभासाठी तोच दिवस ठरलेला होता. पावसाची झड लागली असताना लक्षावधी लोकांची यात्रा गिरगावकडे निघाली. गांधीजींनी तिरडीस खांदा दिला. एवढ्या समुदायाला नेहमीच्या स्मशानभूमीत सामावून घेणे अशक्य होते. म्हणून खास परवानगीने चौपाटीच्या वाळूवर लोकमान्यांच्या पार्थिवास अग्नी देण्यात आला. ती वाळू त्या दिवसापासून निराळी झाली. शिल्पकार रघुनाथ फडके यांनी घडविलेला लोकमान्यांचा पुतळा पुढे तेथे उभारण्यात आला आणि विसर्जनाची प्रत्येक मिरवणूक त्या पुतळ्याजवळून पाण्याकडे जाते.

१९३० च्या एप्रिलमध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू होताच चौपाटीवरून समुद्राचे पाणी घागरींतून भरून नेणाऱ्या स्त्रियांचे दृश्य मुंबईने पाहिले. ज्या बाया एरवी सणाच्या दिवशी नारळ अर्पण करण्यापुरत्या समुद्रावर येत, त्या आता सरकारचा कायदा मोडण्यासाठी पाणी भरीत होत्या. समुद्राच्या पाण्यावर कर असू शकतो काय, हा त्या चळवळीचा मूळ प्रश्न होता आणि तो विचारण्यास समुद्रकिनाऱ्यासारखे दुसरे व्यासपीठ नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हेच व्यासपीठ महाराष्ट्राच्या निर्मितीच्या वादात गाजले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि काँग्रेसचे नेते स. का. पाटील यांची सभा २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर झाली. मुंबई महाराष्ट्राला देण्याच्या विरोधात वक्त्यांनी जी भाषा वापरली, तिने श्रोते संतापले आणि सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी निदर्शकांवर गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हौतात्म्य पत्करलेल्यांची संख्या पुढे शंभरावर गेली आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. चौपाटीने सत्ताधाऱ्यांनाही सभेचे स्थान दिले होते. परंतु भिंती नसलेल्या सभागृहात श्रोत्यांची निवड वक्त्याला करता येत नाही.

गिरगावबरोबर दादरच्या किनाऱ्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण मराठवाड्याचा मुंबईच्या वाळूशी असलेला सर्वांत जवळचा संबंध तेथे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला दादर येथे समुद्राकाठी त्यांच्यावर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार करण्यात आले आणि त्याच वेळी असंख्य लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्या स्थळी उभारलेला स्तूप चैत्यभूमी या नावाने ओळखला जातो. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जालना, परभणी, नांदेड, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून लक्षावधी माणसे रेल्वेने आणि मोटारींनी येतात, शिवाजी पार्कच्या मैदानावर उतरतात, पुस्तके विकत घेतात, रांगेत तासन्‌तास उभी राहतात आणि परत जातात. धावड्यासारख्या गावातील एखाद्या शेतमजुराने सहलीने नव्हे, तर चैत्यभूमीच्या निमित्ताने समुद्र प्रथम पाहिलेला असणे सहज शक्य आहे. लोकमान्य आणि बाबासाहेब यांच्या मार्गांत अंतर पुष्कळ. तथापि, दोघांनाही अखेरचा निरोप देण्यास जमलेल्या जनतेला मुंबईत पुरेल अशी जागा समुद्रकाठीच मिळाली.

याच संदर्भात चेन्नईच्या मरीना किनाऱ्याचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. गव्हर्नर ग्रँट डफ यांनी १८८० च्या दशकात तेथे फिरण्याचा रस्ता करविला. १९६९ मध्ये अण्णादुराई यांचे दफन त्या किनाऱ्यावर झाल्यानंतर तेथे एकामागून एक स्मारके उभी राहत गेली. २०१८ मध्ये करुणानिधी यांच्या दफनासाठी जागा द्यावी की नाही, हा वाद उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर तेथे दफन झाले. सार्वजनिक वाळूवर एकास स्थान दिले की दुसऱ्यास नाकारताना कारण द्यावे लागते. गिरगावात दहनानंतर एक पुतळा उभा राहिला; भोवतालची वाळू मोकळीच राहिली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवाद्यांनी हल्ला केला, तेव्हा त्यांच्यापैकी दोघे चोरलेल्या मोटारीतून गिरगाव चौपाटीपाशी आले. तेथील नाकाबंदीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि त्यामुळे एक हल्लेखोर जिवंत हाती लागला. सातारा जिल्ह्यातील केडंबे या गावच्या या सुपुत्रास मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. चौपाटीजवळ त्यांचे स्मारक आहे. सहलीच्या मुलांना तेथे अवश्य न्यावे.

रोजची चौपाटी

मोठ्या घटनांचे दिवस मोजके. एरवीच्या संध्याकाळी चौपाटीवर दिसतात ती दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातून मोकळी हवा खाण्यास आलेली कुटुंबे, परीक्षेची धास्ती घेतलेले विद्यार्थी, निवृत्त कारकून, भेळ-पाणीपुरी आणि कुल्फी विकणारे, तेलाच्या बाटल्या वाजवीत फिरणारे चंपीवाले आणि फुगेवाले. ज्या शहरात घर लहान आहे, त्या शहरात सार्वजनिक जागा हाच घराचा उरलेला भाग असतो. मुंबईच्या चाळीत राहिलेल्या कोणाही माणसास हे सांगावे लागणार नाही.

खाद्यपदार्थांच्या गाड्या एके काळी वाळूभर पसरल्या होत्या. त्यांमुळे कचरा आणि सांडपाणी वाढले, चालण्यास वाट उरेना. पुढे त्या एका बाजूस आखून दिलेल्या जागेत एकत्र आणण्यात आल्या. विक्रेत्याचा रोजगार राहावा आणि किनाराही राहावा, या दोन्ही गोष्टींचा मेळ घालणे हे कोणत्याही नगरपालिकेपुढचे कठीण काम आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने त्यासाठी देशभर एक चौकट घालून दिली.

विसर्जनानंतरच्या सकाळची चौपाटी हाही अभ्यासाचा विषय आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत. भरतीबरोबर त्यांचे भग्न अवशेष वाळूवर परत येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या. शाडूची लहान मूर्ती, निर्माल्याचे वेगळे कलश, कृत्रिम तलाव हे उपाय आता खेड्यांतील विहिरी-तळ्यांच्या बाबतीतही तितकेच लागू पडतात.

कायदा आणि मालकी

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. किनाऱ्याच्या जमिनीची मालकी राज्य शासनाची, साफसफाई आणि दिवाबत्ती महानगरपालिकेकडे, बंदोबस्त पोलिसांकडे, आणि बांधकामावर नियंत्रण पर्यावरणविषयक कायद्याचे. एकाच वाळूवर इतक्या यंत्रणांचे पाय असल्याने जबाबदारी एकमेकांकडे ढकलण्यास वाव राहतो, हे अनुभवी अधिकारी जाणतातच.

१९८१ च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मुक्त ठेवण्यास सांगितले. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी काढलेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने आले. २०११ आणि २०१९ मध्ये या अधिसूचनेची नवी रूपे निघाली. बांधकामाची मुभा त्यांत कमी-अधिक झाली. पण भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधील पट्टा अधिक संरक्षणाच्या वर्गात राहिला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या प्रकरणात बियास नदीच्या पात्राविषयी निर्णय देताना सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. नद्या, किनारे, वने यांचे शासन हे मालक या नात्याने नव्हे, तर जनतेचा विश्वस्त या नात्याने रक्षण करते, असा त्याचा भावार्थ आहे.

विश्वस्तालाही मर्यादा असते, याचे प्रत्यंतर चौपाटीवरच आले. मुंबई उच्च न्यायालयाने चौपाटीवरील सभा-समारंभांवर निर्बंध घालून गणेश विसर्जन, रामलीला यांसारख्या मोजक्या पारंपरिक कार्यक्रमांनाच मोकळीक ठेवली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहानिमित्त राज्य शासनाला तेथे सांस्कृतिक कार्यक्रम करावयाचा होता. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. १४ फेब्रुवारीच्या रात्री कार्यक्रम चालू असताना व्यासपीठाला आग लागली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. वाळूवर मोठे मांडव उभारण्याच्या धोक्यांविषयी निराळा अहवाल लिहिण्याची त्यानंतर गरज उरली नसावी. तथापि, या निर्बंधांना दुसरीही बाजू आहे. १९१९ किंवा १९५५ सारखी सभा आज तेथे भरू शकणार नाही. शांतता आणि स्वच्छता यांच्यासाठी शहराने आपल्या सर्वांत मोठ्या सभागृहाचा एक उपयोग सोडून दिला आहे. ते योग्य झाले की नाही, यावर जाणत्यांत एकमत नाही आणि वर्गात वादविवादासाठी हा विषय चांगला आहे.

२०२४ मध्ये मुंबईचा किनारी रस्ता वाहतुकीस खुला होऊ लागला. मरीन ड्राइव्हवरून निघालेल्या मोटारी चौपाटी आणि मलबार टेकडी यांच्याखालून सुमारे दोन किलोमीटरच्या जोड बोगद्यांतून पलीकडे जातात. पुढे वरळीपर्यंतच्या भागात समुद्रात पुन्हा भर घालण्यात आली आणि त्या कामाला मच्छीमारांनी व नागरिकांनी न्यायालयात आव्हान दिले होते. गिरगावात रस्ता वाळूखालून गेला, वाळूवरून नव्हे.

समुद्र नसलेल्या गावी

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २० वाचले तर समुद्राचा भरतीरेषेखालील तळ, खाड्या, नद्या, नाले, तळी आणि कोणा व्यक्तीच्या मालकीच्या नसलेल्या जमिनी एकाच वाक्यात राज्य शासनाच्या मालकीच्या म्हणून सांगितलेल्या आढळतात. कलम २२ अन्वये गुरांचे चराऊ रान, स्मशान, खळवाड, बाजार अशा कामांसाठी जमिनी राखून ठेवता येतात. म्हणजे चौपाटीची वाळू आणि भोकरदन तालुक्यातील एखाद्या गावाचे गायरान हे कायद्याच्या दृष्टीने फार दूरचे नातेवाईक नाहीत.

जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयापुढे पतियाळा जिल्ह्यातील एका खेड्याच्या तळ्याचा प्रश्न होता. तळ्यात भर घालून काहींनी घरे बांधली होती आणि पैसे भरून ती नियमित करून घेण्याची त्यांची मागणी होती. बॅकबेच्या भर घालण्याचीच ही छोटी आवृत्ती. न्यायालयाने मागणी फेटाळली आणि गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना तयार करण्याचे निदेश सर्व राज्यांना दिले. महाराष्ट्र शासनाने त्यानुसार १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्ते आणि मोकळ्या जागा यांवरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार पंचायतीस पूर्वीच दिलेला आहे.

अधिकार वापरण्यापूर्वी जागा कोणती आहे हे ठाऊक असावे लागते. तलाठी दप्तरातील गाव नमुना १-ब मध्ये शासकीय जमिनींची आणि १-ई मध्ये अतिक्रमणांची नोंद असते. हे दोन नमुने वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावेत, गायरानाच्या हद्दीचे दगड मोजणीच्या नकाशाशी ताडून पाहावेत आणि नदीकाठच्या वाटा, पाणवठे, बैलपोळ्याला गुरे जमतात ती जागा, गणपती बोळवितात तो घाट यांची वहिवाट लिहून ठेवावी. सातवी-आठवीच्या मुलांना हे काम भूगोलाचा प्रकल्प म्हणून देता येईल. गावातील वृद्धांना विचारून, पाऊलवाटा प्रत्यक्ष चालून, साध्या कागदावर नकाशा काढावयाचा. नंतर तो तलाठ्याकडील नकाशाशेजारी ठेवावयाचा. दोहोंत जेथे फरक दिसेल, तेथे लाल पेन्सिलीने खूण करावी आणि ती जागा पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावी.